जेर्देच्या तोंडातलं लोखंड

"मेदेरबेक उद्या सकाळी जेर्देला कापतोय," माझी बायको झूरा दारातूनच म्हणाली. हातातली दुधाची बादलीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती.

मी चुलीपाशी पाय पसरून बसलो होतो. म्हणालो, "काहीतरीच. लोकांना काय, बोलायला लागतं."

"लोक नाही, त्याची बायको बोलली. हिवाळ्याच्या मांसासाठी. मोठी कढई काढलीय तिने, आणि आतडी धुवायला मला बोलावलंय." बादली ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या घोड्याची आतडी, म्हाताऱ्या. जाऊ का धुवायला?"

थंडी पडली की आमच्याकडे घरटी एक जनावर पडतं. मीही आयुष्यभर घोड्याचं मांस खाल्लंय आणि आवडीने खाल्लंय. पण जेर्दे सात वर्षांचा होता, त्याच्या अंगात वारं होतं, आणि तो कशामुळे सुरीखाली जातोय हे अख्ख्या आत-बाशी खोऱ्यात फक्त मला माहीत होतं.

ते सांगतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

मी शर्यतीचे घोडे तयार करायचो. आमची शर्यत वीस-पंचवीस किलोमीटरची, आणि पाठीवर बसतं दहा-बारा वर्षांचं पोर, कारण वजन कमी हवं. असल्या पोराच्या मनगटात चौखूर उधळलेला घोडा थांबवायची ताकद कुठून येणार? म्हणून माझ्या बापाने एक रीत काढली होती. आमच्या घरचा घोडा लगाम ओढला की पळतो. जितका जास्त ओढाल तितकी मान लांब करून पळतो. आणि लगाम सैल सोडला की थांबतो. हे शिकवायला दोन वर्षं जातात. त्यासाठी कडियाळं, म्हणजे तोंडात जातं ते लोखंड, जाड आणि गुळगुळीत लागतं, मधे सांधा असलेलं. घोड्याला त्यावर बिनधास्त रेलता आलं पाहिजे. दुखलं तर तो रेलणार नाही आणि सगळी शिकवण वाया जाईल. ही रीत बापाने घराबाहेर जाऊ दिली नाही. पाठीवर बसवायची पोरंही आम्ही घरचीच घेत होतो.

जूनमध्ये मी एका नव्या घोड्यावरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत लोखंडी सळई घातली आणि खोगीर विसरायला सांगितलं. पोरगा मॉस्कोत टॅक्सी चालवतो, तो काही घोड्यासाठी परत यायचा नव्हता. शर्यतीचा घोडा नुसता बांधून ठेवला तर झुरतो. म्हणून ऑगस्टमध्ये मी जेर्दे मेदेरबेकला विकला.

मेदेरबेक उलाकच्या संघाचा म्होरक्या. उलाकवाल्यांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. एका मुंडकं उडवलेल्या बोकडासाठी पन्नास घोडे एकमेकांवर आदळवायचे आणि त्याला खेळ म्हणायचं! तिथला घोडा गर्दीत घुसणारा हवा, जागच्या जागी थांबणारा हवा, आणि स्वार खाली लोंबकळून बोकड उचलेपर्यंत खांबासारखा उभा राहणारा हवा. शर्यतीच्या घोड्याला हे नव्याने शिकवावं लागतं. मेदेरबेकला वाटलं, एवढी छाती आहे, बाकीचं आपोआप होईल.

हात मिळवून झाल्यावर मी रिवाजाप्रमाणे जेर्देच्या डोक्यावरून माझा लगाम काढला, बाहीने त्याचं तोंड पुसलं आणि पाठ फिरवली. घोडा जातो, लगाम राहतो, नाहीतर घरची बरकत त्याच्याबरोबर निघून जाते. घेणाऱ्याने लगाम मागायचा नसतो. शहाणा माणूस विकणाऱ्याच्या हातातलं कडियाळं नजरेने टिपून ठेवतो आणि घरी जाऊन तसलंच लावतो. मेदेरबेकने ते पाहिलंच नाही. त्याचे डोळे घोड्याच्या छातीवर होते.

मी हाक मारून सांगायला हवं होतं. ओढू नकोस, सोड. तीन शब्द. मी मूग गिळून बसलो.

पहिल्याच सामन्यात मेदेरबेकने थांबवायला लगाम खेचला आणि जेर्दे त्याला घेऊन मैदानाबाहेर, बटाट्याच्या शेतात गेला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! मनात म्हटलं, दोन आठवडे, फार तर तीन. कंटाळून घोडा परत आणून बांधेल दारात.

त्याने परत आणला नाही. त्याने लोखंड बदललं. साध्या कडियाळ्याने थांबत नाही म्हणून पातळ घातलं. पातळानेही थांबेना म्हणून पीळ दिलेलं घातलं. जेर्देला दुखलं की तो आणखी पळायचा, कारण ओढलं की पळायचं हेच त्याला येत होतं. तो पळाला की मेदेरबेक आणखी जोराने ओढायचा. प्रत्येक सामन्याला मी काठी टेकत जायचो आणि कडेला उभा राहून पाहायचो. सप्टेंबरमध्ये त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत फेस गुलाबी दिसला, तेव्हाही मी घरी येऊन चहा प्यायलो आणि म्हणालो, आता आणेल.

एकदा मेदेरबेक घरी आला होता. हे मी झूरालासुद्धा धड सांगितलं नव्हतं. तीन वाट्या चहा झाला, मेंढरांची चौकशी झाली, पावसाची झाली. शेवटी वाटी पालथी घालत, माझ्या असान या नावाचं आदराचं रूप घेत तो म्हणाला, "असाके, जेर्दे जरा... गरम आहे नाही का?"

"गरम घोडाच हवा होता ना तुला?"

"हो, तसं नाही. म्हणजे... काही खोड वगैरे?"

सरळ विचारणं म्हणजे आपल्याला घोड्यातलं कळत नाही हे कबूल करणं, आणि मेदेरबेकसारखा माणूस याहून खाली वाकणार नव्हता. एवढं वाकायलाही त्याला किती जड गेलं असेल, ते मला दिसत होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "घोडा ज्याला कळतो त्याला कळतो, पोरा."

त्याचे कान लाल झाले. छातीवर हात ठेवून तो उठला आणि गेला. पुढच्या सामन्यात जेर्देच्या तोंडात मोटारसायकलच्या साखळीचा तुकडा होता.

मागच्या आठवड्यात मेदेरबेकचा धाकटा भाऊ त्याच्यावर बसला. जेर्दे त्याला घेऊन मालमोटारीवर गेला आणि भावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आणि आता कढई.

झूराला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तीन महिने?"

"विकलेल्या घोड्याबद्दल बोलायचं नसतं. रिवाज आहे."

"रिवाज लगाम ठेवायचा आहे, म्हाताऱ्या. तोंड बंद ठेवायचा नाही." ती इतक्या शांतपणे म्हणाली की त्यापेक्षा कढई फेकून मारली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "सकाळी गाय घेऊन जा. घोडीपण घेऊन जा. काय हवं ते दे त्याला, पण ते जनावर सोडवून आण."

उजाडताच गाय आणि घोडी घेऊन मी निघालो. कोटाच्या आत बापाचा लगाम गुंडाळून घेतला होता. खुबा ठणकत होता आणि गोठलेल्या वाटेवर काठी घसरत होती. मेदेरबेकच्या अंगणात धूर दिसला तेव्हा वाटलं, उशीर झाला. गाय-घोडी कुंपणाला बांधली, काठी टाकून पळायचा प्रयत्न केला आणि तोंडावर आपटलो.

उशीर झाला नव्हता. जेर्दे खुंटाला बांधलेला होता, मान खाली घालून. पायांना बांधायचे दोर बाजूला पडले होते, मदतीला आलेले शेजारी भोवती उभे होते आणि मेदेरबेकचा काका किदिक दगडावर सुरी घासत होता. किदिक माझ्याच वयाचा, गावातल्या प्रत्येक जनावराला शेवटचा निरोप त्याच्याच हातून.

"ये असान, ये! वासावरच आलास वाटतं," तो म्हणाला. "अजून काळीज बाहेर यायचंय, बस जरा."

मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मेदेरबेक, मला घोडा परत दे. गाय देतो. गाभण घोडी देतो. दोन्ही बाहेर बांधलीयत."

मेदेरबेकने मान हलवली. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "नाही असाके."

"आणखी काय हवं? मेंढरं सांग."

"मला काही नको. देऊन काय करू? हा घोडा माणूस मारणार आहे. माझा भाऊ वाचला ते नशीब. उद्या तुम्ही याच्यावर बसणार, मी काय ओळखत नाही तुम्हाला? खुब्यात सळई घेऊन बसणार. मग लोक म्हणतील, मेदेरबेकला माहीत होतं आणि त्याने म्हाताऱ्याच्या हातात मरण दिलं." त्याचा आवाज फाटला. "बाजारात विकलं असतं तर पैसे आले असते. तेही केलं नाही. माहीत असून दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालू?"

माहीत असून. मी खाली पाहिलं. एवढ्या सज्जन माणसाला मी तीन महिने मूर्ख बनवलं होतं, आणि आता त्याच्या सज्जनपणामुळेच माझा घोडा मरत होता.

"थांबतो तो," मी म्हणालो. "मी थांबवून दाखवतो. आत्ता."

किदिक हसला. "तू? तुला दार ओलांडायला काठी लागते!"

"एकदा बसू दे. थांबला तर मला दे. नाही थांबला तर काप, मी स्वतः पाय धरतो."

मेदेरबेकने कुंपणाचं फाटक उघडलं. पलीकडे कुरण होतं, पांढरं, गोठलेल्या दवाने कडक झालेलं. पुढे दोनशे पावलांवर नदीचा कडा, दोन पुरुष खोल. किदिक चालत गेला, कड्याच्या अलीकडे टाचेने एक रेघ ओढून आला आणि म्हणाला, "या रेघेच्या आत."

मी कोटातून लगाम काढला. किदिकची चेष्टा तिथल्या तिथे थांबली. "अरे असान, लगाम आणलास? विकल्यावर?"

"बरकत गेली खड्ड्यात."

जेर्देने मला ओळखलं. त्याचे कान पुढे आले, माझ्या छातीवर नाक घासलं, आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर फुटलं. मी नेहमीसारखा अंगठा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात सरकवला. शिंगरू होता तेव्हापासून अंगठा लागला की हा तोंड उघडायचा. आता त्याने दात असे आवळले की ते करकरले, आणि तो सबंध अंगाने थरथरू लागला. मी हळूच ओठ वर केला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी हिरडी असते, जिथे लोखंड बसतं, तिथे हिरडी नव्हती. हाड होतं. जीभ मधे अर्धी कापली गेली होती आणि कड जुनी होऊन पिवळी पडली होती.

जुनी. म्हणजे सप्टेंबरची. म्हणजे मी चहा पीत होतो तेव्हाची.

बापाचं ते गुळगुळीत कडियाळं मी हातात धरून उभा राहिलो. जगात त्याच्याहून मऊ लोखंड नव्हतं आणि तेही आता या तोंडासाठी नव्हतं. कुठलंच नव्हतं. मी लगाम जमिनीवर टाकला आणि म्हणालो, "दोराची मोरकी द्या."

"तोंडात काही न घालता?" मेदेरबेक म्हणाला. "असाके, हा साखळीला थांबला नाही!"

"दोर दे!"

त्याने आणि किदिकने मिळून मला वर चढवलं. खुब्यातून जी कळ आली तिने डोळ्यांपुढे अंधारी आली. उघड्या पाठीवर कसाबसा सावरलो, आणि मी दोर ओढला.

जेर्दे सुटला. तोंडात काही नसलं तरी नाकावरचा ताण त्याला ओळखीचा होता. त्याने मान लांब केली, पाठ खाली घेतली, आणि एका क्षणासाठी, अल्ला माफ करो, मला फार बरं वाटलं. मग पांढरं कुरण झरझर मागे जाऊ लागलं, पुढे कडा दिसला आणि मी दोर सैल सोडला.

तो थांबला नाही.

तो आणखी जोरात पळाला, कान मागे पाडून. आणि मला उमगलं. तीन महिने त्याने एवढंच अनुभवलं होतं की लगाम सैल होतो तो पुढचा हिसका यायच्या आधी. सैल पडणं म्हणजे आता लागणार. बापाची दोन वर्षांची शिकवण त्या साखळीने पुसून टाकली होती, आणि मी तिला ती पुसू देत होतो. रेघ वीस पावलांवर होती. दोर ओढावा तर पळणार, सोडावा तर पळणार.

मी दोर टाकूनच दिला. दोन्ही हात रिकामे करून त्याच्या मानेवर पालथे ठेवले, दोन्ही बाजूंना, त्याला दिसतील असे, आणि आडवा पडून त्याच्या कानापाशी म्हणालो, "नाही ओढत. नाही ओढत रे. बघ, हातात काही नाही." घोड्याला शब्द कळत नाहीत हे मलाही माहीत आहे. रेघ खालून गेली. पलीकडचं नदीचं पाणी दिसलं. मग त्याची पाठ माझ्याखाली एकदम खाली बसली, चारी खूर बर्फाळ गवतावर घासत गेले, आणि तो थांबला. कड्यापासून त्याच्या पुढच्या पायांपर्यंत माझ्या काठीइतकं अंतर होतं.

मला उतरता येत नव्हतं. मी त्याच्या मानेवर तसाच पडून राहिलो.

ते सगळे धावत आले. किदिकने मला खाली घेतलं आणि गवतावर बसवलं. "रेघेच्या दोन हात पुढे गेलास," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज ओला होता. "पाहिलंत का रे? काही न घालता! तोंड रिकामं! जनावराने आपला माणूस ओळखला, दुसरं काय. याला दुसऱ्या कुणाचा हात चालणारच नव्हता."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, असं एकदा आपल्या आजोबांच्या घोड्याचं झालं होतं. एवढ्यात गोष्ट तयारही झाली होती: इमानी घोडा, एकाच मालकाचा. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. घोडा इमानी नाही रे बाबांनो, त्याला उलटं शिकवलंय, दोर पुरता सोडून द्या, कुणालाही थांबेल. पण तेवढं सांगितलं असतं तर मेदेरबेक म्हणाला असता, मग आधी का नाही सांगितलं? आणि म्हणाला असता, मग घोडा माझाच, मी त्याला सैल सोडून खेळवतो. ते त्याच्या हक्काचंच होतं.

मेदेरबेक अजून उभाच होता. त्याने जेर्देचा ओठ वर करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो माझ्यासमोर आला आणि त्या ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला. संघाचा म्होरक्या, ज्याला सरळ प्रश्न विचारायलाही लाज वाटली होती, तो.

"घेऊन जा असाके. गाय नको, घोडी नको, काही नको. घोडा तुमचाच होता." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "मला येत नव्हतं. येत नव्हतं तर विचारायचं होतं. मी तुमच्या घरी आलो होतो, आठवतं? ओठांवर आलं होतं आणि मी परत गिळलं. गर्व आडवा आला. माझ्या गर्वापायी या मुक्या जनावराची जीभ गेली. तुम्ही कसं पाहिलं असेल ते कडेला उभं राहून... दर सामन्याला यायचात. मी तुम्हाला पाहायचो आणि आणखी जोरात ओढायचो." त्याने डोकं खाली वाकवलं, माझ्या हातापाशी. "मला माफ करा."

किदिकने टोपी काढली. जेर्दे आमच्या मागे उभा राहून गवत हुंगत होता, त्याला खाता येत नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत माझ्याबद्दल फक्त दया होती आणि आदर.

मी हात उचलला, मेदेरबेकच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला माफ केलं.